तळटीप : कागदी झगा

१२. कागदी झगा : हा खराखुरा कागदाचाच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हॅलोविनचे (३१ ऑक्टोबर) पोशाख घरी क्रेप कागदाचेही करत. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनी हा कागद बनवी. तो खपावा म्हणून तिने १९०९ साली ‘बोगी बुक’ ही पुस्तिका काढली. जुन्या सुती झग्यावर काळ्या-नारिंगी झालरी टाचायच्या, वर छापील मांजरे-वटवाघळे कातरून चिकटवायची. क्रेप ताणला जात असल्याने चुण्या झकास पडत. पण ओल लागली की रंग अंगाला, आणि ठिणगी पडली की भडकाच. कथेतली आई भोपळ्यातल्या मेणबत्तीपाशी गेलेल्या मुलीवर ओरडते, ती खाष्ट म्हणून नव्हे. एका रात्रीपुरते केलेले हे झगे फारसे टिकले नाहीत. पुस्तिका मात्र संग्राहक अजून शोधत असतात.