धूर, वारा आणि एक सरकारी शास्त्रज्ञ

हिंवाळ्यांत सकाळीं शेकोटीचा धूर गल्लींत जमिनीलगत लोळत राहतो आणि भर दुपारीं तोच पाहतां पाहतां वर जाऊन विरतो, हें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. धुराच्या ह्या लहरीचा हिशेब मांडण्यांत इंग्लंडांतील फ्रँक पास्क्विल ह्या सरकारी शास्त्रज्ञानें आयुष्य वेंचलें.

ह्या विद्येचा उगम मात्र रणांगणावरचा. १९१५ च्या एप्रिलांत जर्मनांनीं ईप्र येथें क्लोरीन वायु सोडला. सप्टेंबरांत लूस येथें इंग्रजांनीं तोच प्रयोग केला, तों कांहीं ठिकाणीं वायु त्यांच्याच खंदकांत परतला! वारा ओळखल्यावांचून वायूचा भरंवसा नाहीं, हें असें कळून आलें. १९१६ सालीं पोर्टन येथें लष्करी प्रयोगकेंद्र निघालें. तेथेंच ग्रॅहॅम सटन यांनीं वायूच्या विखुरण्याचें गणित मांडलें, आणि १९३७ सालीं तरुण पास्क्विल रुजू झाले.

पुढें युद्ध संपलें, धूर संपला नाहीं. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर पांच दिवस धूरमिश्रित धुकें बसलें. त्यांत सुमारें ४००० माणसें दगावल्याचा तेव्हांचा अंदाज होता, नंतरच्या संशोधकांनीं तो बराच वाढविला. १९५७ सालीं विंडस्केलच्या अणुभट्टीस आग लागली. धुराडें किती उंच असावें, निसटलेला वायु कोणत्या गांवावर जाईल, हे प्रश्न आतां नागरिकांचे झाले.

सटनच्या गणितास लागणारीं मापें सहसा हातीं नसत. पास्क्विल यांनीं १९६१ सालच्या निबंधांत निराळी युक्ति केली. १० मीटर उंचीवरचा वारा, दिवसा उन्हाची प्रखरता, रात्रीं ढगांचें आच्छादन, इतकें पाहावें आणि हवेस सहांपैकीं एक वर्ग द्यावा. कडक ऊन व मंद वारा असल्यास हवा अत्यंत अस्थिर, धूर झपाट्यानें विखुरतो. निरभ्र रात्रीं वारा मंद असल्यास हवा स्थिर, धूर एकवटून दूरवर जातो. आभाळ पूर्ण झांकलेलें असेल, तर दिवस असो वा रात्र, वर्ग मधलाच. माझ्या वर्गांतल्या आठवीच्या मुलासहि हें कोष्टक वाचतां आलें असतें. मला तर त्याची थोरवी ह्यांतच वाटते.

हें कोष्टक देशोदेशीं पसरलें; आपल्याकडेहि कारखान्यांच्या धुराच्या हिशेबांत आलें. पण तें सपाट, मोकळ्या जमिनीसाठीं व थोड्या अंतरापुरतें होतें, आणि लोक तें दाट शहरांस व डोंगराळ मुलुखासहि लावूं लागले. १९७६ सालीं, वयाची साठी उलटल्यावर, पास्क्विल यांनीं स्वतःच अमेरिकन सरकारसाठीं अहवाल लिहून प्रचलित मापांत बदल सुचविले. पुढच्याच वर्षीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १९९४ सालीं वारले. आतां नवीं संगणकी गणितें आलीं आहेत, तरी सहा वर्गांचें तें कोष्टक अजून पुष्कळांच्या टेबलावर आहे.