हात पोहोचत नाही तिथला बोल्ट: इंजिनमधले अडचणीचे नट-बोल्ट कसे सोडवतात?

घरच्या घरी स्टार्टर मोटर बदलायला घेतली की अनेकदा एकच गोष्ट घडते. एक बोल्ट समोर दिसतो आणि दोन मिनिटांत निघतो. दुसरा इंजिनच्या मागे, पाइप आणि वायरींच्या आड असतो. पाना लावला तर फिरवायला जागा नाही, हात घातला तर काही दिसत नाही. अशा वेळी घाई केली की बोल्टचे डोके गोल होते किंवा बोल्ट आतच तुटतो आणि तासाभराचे काम काही दिवसांवर जाते.

बोल्ट इतक्या अडचणीत का असतात?

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा मिळे. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या मिनी या गाडीने आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद ही रचना लोकप्रिय केली. भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्येही हीच रचना होती. आज बहुतेक लहान गाड्या अशाच असतात. त्यामुळे गाडीत बसायला जास्त जागा मिळते, पण इंजिनची एक बाजू केबिनच्या पत्र्याला जवळजवळ चिकटते. शिवाय कारखान्यात इंजिनला अनेक भाग जोडून झाल्यावर ते गाडीत बसवतात. त्यामुळे तिथे सहज लागलेला बोल्ट नंतर सोडवताना सापडत नाही.

सुरुवात करण्याआधी

- इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. काही गाड्यांत चावी बंद असतानाही रेडिएटरचा पंखा सुरू होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.
- बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी. स्टार्टरला येणारी जाड तार थेट बॅटरीशी जोडलेली असते. पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला तर मोठी ठिणगी उडते.
- गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. सपाट जमिनीवर जॅक स्टँड लावावेत आणि मागच्या चाकांना अडण द्यावी.

आधी नीट पाहणे

मोबाइल आत सरकवून टॉर्च लावून व्हिडिओ काढला की बोल्टचे डोके, आजूबाजूच्या वायरी आणि पाना कुठून जाईल हे कळते. छोटा आरसाही चालतो, पण त्यात दिशा उलटी दिसते. त्यामुळे बोल्ट सोडवण्याऐवजी आणखी आवळला जाऊ शकतो. डोक्याकडे तोंड करून पाहिले की साधा बोल्ट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, एवढे मनात पक्के ठेवावे.

कधी कधी एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरीचा ट्रे काढला की बोल्ट समोर येतो. त्या दहा मिनिटांचा कंटाळा केला, तर पुढचे दोन तास एका बोल्टशी झटण्यात जातात.

कोणते हत्यार कुठे?

- गोटी आणि रॅचेट: जपानी पद्धतीच्या गाड्यांत १०, १२, १४ आणि १७ मिमीच्या गोट्या जास्त लागतात. गोटी शक्यतो सहा कोनांची घ्यावी, कारण बारा कोनांच्या गोटीपेक्षा ती डोक्यावर घट्ट बसते.
- बारीक दात्यांचा रॅचेट: २४ दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडायला १५ अंश फिरावे लागते, ७२ दात्यांच्या रॅचेटला फक्त ५ अंश. अरुंद जागेत हा फरक मोठा ठरतो.
- एक्स्टेंशन: बोल्ट खोल असेल तर दोन-तीन एक्स्टेंशन जोडून रॅचेट मोकळ्या जागेत आणता येतो.
- युनिव्हर्सल जॉइंट: बोल्ट तिरका असेल तर उपयोगी. मात्र कोन फार वाढला की तो अडखळतो आणि गोटी डोक्यावरून निसटते.
- फिक्स पाना: याचे तोंड साधारण १५ अंश तिरके असते. प्रत्येक वेळी पाना उलटा करून लावला की ३० अंशांच्या जागेतही बोल्ट फिरत राहतो. घट्ट बोल्टाची पहिली सोडवणूक मात्र रिंग पान्याने किंवा गोटीने करावी.

बोल्ट हलतच नसेल तर

कोकण, मुंबई, गोव्यातल्या खाऱ्या हवेत बोल्ट लवकर गंजतात. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात असेल तर दोन धातूंमुळे गंज आणखी घट्ट धरतो. अशा वेळी गंज सोडवणारे तेल मारून काही तास, जमल्यास रात्रभर थांबावे. मग जागा असेल तर डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. बोल्ट थोडा सुटला की एकदम ओढू नये. थोडा सैल, थोडा आवळून, पुन्हा सैल असे करत आटे मोकळे करावेत.

पान्याला पाइप लावून जोर वाढवता येतो, पण बारीक बोल्ट त्यानेच तुटतात. पाना शक्यतो स्वतःकडे ओढावा. ढकलावाच लागला तर तळवा उघडा ठेवावा, म्हणजे पाना सुटला तरी बोटांची सालपटे निघत नाहीत. इंधनाचे पाइप आणि वायरी जवळ असताना बोल्ट तापवण्याचा प्रयोग घरी करू नये.

बोल्ट आत पडला तर?

लांब दांड्याचे चुंबक लोखंडी बोल्ट बाहेर काढते. ॲल्युमिनियम आणि अनेक प्रकारच्या स्टेनलेस स्टीलला मात्र ते चिकटत नाही. हे टाळण्यासाठी गोटीत थोडे ग्रीस किंवा कागदाचा तुकडा ठेवला की बोल्ट अडकून राहतो. इंजिनचे हवेचे तोंड उघडे असेल तर ते आधी स्वच्छ फडक्याने झाकावे. पडलेला बोल्ट सापडल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

परत बसवताना

एकाच भागाचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असू शकतात. पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवावा. बंद भोकात जास्त लांब बोल्ट आवळला तर कास्टिंगला तडा जाऊ शकतो.

बोल्ट बसवताना तो आधी उलटा फिरवावा. आटा जुळला की हलकासा ‘टक’ जाणवतो. मग सुलट फिरवून किमान दोन-तीन आटे हातानेच लावावेत. सुरुवातीपासून जड लागत असेल तर बोल्ट वाकडा जातोय, तो काढून पुन्हा लावावा.

शेवटी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळावे. सरळ एक्स्टेंशनमुळे टॉर्क रेंचच्या मापात विशेष फरक पडत नाही, पण युनिव्हर्सल जॉइंटमुळे माप चुकते. काही बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात. मॅन्युअलमध्ये तसे लिहिले असेल तर ते दरवेळी नवेच घालावेत.

कुठे थांबावे?

डोके गोल व्हायला लागले, पाना निसटू लागला किंवा बोल्ट रबरासारखा लवचिक लागू लागला, तर हात थांबवावा. तुटण्याआधी बोल्ट असाच पीळ घेतो. अख्खा बोल्ट मेकॅनिक बहुतेक वेळा काढून देतो. तो हेडमध्ये तुटला की ड्रिलिंग आणि नवे आटे पाडण्याचे काम वाढते, कधी हेड उतरवून लेथवर न्यावे लागते. त्यामुळे वेळीच थांबून गॅरेज गाठणे बहुधा सर्वांत स्वस्त पडते.