स्थूल देह आणि मराठी नेसण

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या लोहमार्गावर लोणावळ्याच्या पुढें मळवली नांवाचें एक लहानसें स्थानक आहे. स्त्रीदेहाच्या सौंदर्याविषयीं महाराष्ट्राची आवड काय होती हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें येथें उतरावें. जवळच्या डोंगरांत कार्ल्याचें चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील स्त्रीपुरुषांचीं युगुलें कोरलेलीं आहेत. आणि राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत काढलेला शिळाछापाचा कारखाना पुढें याच मळवलीस आला; लक्ष्मी-सरस्वतीचीं रंगीत चित्रें येथूनहि घरोघर गेलीं. दोहोंमध्यें सुमारें अठराशें वर्षांचें अंतर. पण कार्ल्याची ती रुंद नितंबांची, पायांत जड वाळे घातलेली स्त्री आणि रविवर्म्याची कमळांतील लक्ष्मी या दोघीहि भरल्या अंगाच्याच आहेत. आपल्या बोलींतहि ही आवड मुरलेली आहे. माहेरीं आलेल्या मुलीचें वजन वाढलेलें दिसलें म्हणजे ‘तब्येत सुधारली’ असेंच आजी म्हणत असे. सुधारणा या शब्दाचा इतका मोकळा उपयोग दुसऱ्या कोणत्याहि प्रसंगीं झाला नसेल.

परंतु एवढ्यावरून आपले पूर्वज स्थूल स्त्रीचे भक्त होते असें ठरविणें घाईचें होईल. कार्ल्याच्या शिल्पकारानें वक्ष व नितंब भरघोस काढले, तरी कंबर मात्र बारीकच ठेवली आहे. न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यासमोर पाण्यापलीकडे दिसणाऱ्या घारापुरीच्या लेण्यांत, सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या पार्वतीचेंहि तेंच. त्या काळच्या दगडांत पोट सुटावयाचें तें गणांचें आणि यक्षांचें, देवीचें नव्हे. चाळिशी गांठलेली, दोन-चार बाळंतपणें झालेली, दंड जड झालेली, जिना चढतांना धाप लागणारी जी स्त्री प्रत्येक घरांत असते, तिला शिल्पकारानें टाळलें आहे.

तिची दखल घेतली ती वैद्यानें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसावा अध्याय ‘अष्टौनिन्दितीय’ या नांवाचा आहे. त्यांत अतिदीर्घ, अतिह्रस्व इत्यादि आठ प्रकारचे देह सांगून त्यांतील अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विस्तारानें विचार केला आहे. अध्यायाचें नांव कठोर आहे खरें. आंतील विचार मात्र आजच्या पुष्कळ उपदेशकांपेक्षां समजूतदार आहे. स्थौल्याचीं कारणें सांगतांना चरक गोड व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्या जोडीला बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्म, हेंहि एक कारण सांगतो. स्थूल माणसास भूक फार लागते ती हांवरेपणामुळें, असें तो म्हणत नाहीं. मेदानें मार्ग रोधल्यामुळें वायु कोठ्यांतच फिरतो व अग्नि प्रदीप्त करतो, म्हणून ती भूक, अशी त्याची उपपत्ति आहे. उपपत्ति आज टिकणार नाहीं; पण दोष माणसाच्या शीलावर न टाकतां देहाच्या व्यापारांत शोधण्याची दृष्टि टिकण्यासारखी आहे. स्थूल माणसास सोसाव्या लागणाऱ्या गोष्टींत त्यानें घामाचा त्रास आणि शरीराची दुर्गंधि या दोन्ही नमूद केल्या आहेत. त्यावर इतर उपचारांबरोबर रूक्ष उद्वर्तन, म्हणजे कोरड्या चूर्णानें अंग चोळणें, हा उपाय सांगितला आहे.

हेंच उद्वर्तन मराठी घरांत उटणें झालें. दिवाळीच्या पहाटे लावण्यापुरतें आतां तें उरलें आहे. परंतु नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, चंदन आणि डाळीचें पीठ यांचें तें मिश्रण केवळ सुगंधासाठीं नव्हतें. जड अंगाला वळ्या पडतात. त्या वळ्यांत, वक्षाखालीं, काखेंत आणि जांघेंत घाम सांचतो, कातडी ओली राहते आणि खाज व गजकर्ण यांस जागा मिळते. कोंकणच्या दमट हवेंत तर हें फारच लवकर होतें. म्हणून आधीं तेल, मग चोळणें, मग ऊन पाणी आणि शेवटीं जुन्या मऊ सुती पंच्यानें प्रत्येक वळी उघडून कोरडी करणें, हा क्रम होता. यांतला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि आज सर्वांत विसरलेला. त्वचारोगाचा वैद्य आजहि प्रथम हेंच सांगतो: जागा कोरडी ठेवा, सुती वस्त्र वापरा. सुवासिक साबणाच्या पांच वड्यांनीं जें होत नाहीं तें एका कोरड्या पंच्यानें होतें.

स्नानानंतर वस्त्र. नऊवारी लुगड्याची थोरवी पुष्कळांनीं गाइली आहे. पण स्थूल स्त्रीवर त्याचे जे उपकार आहेत ते सहसा कोणी सांगत नाहीं. कारण तो विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे अशी समजूत आहे. जड बांध्याच्या स्त्रीच्या दोन्ही मांड्या चालतांना एकमेकींवर घासतात. उन्हाळ्यांत मैलभर चालणें झालें कीं कातडी सोलवटते आणि रात्रभर आग होते. कासोट्याच्या नेसणींत लुगड्याचा घोळ दोन्ही पायांमधून मागें जातो, आणि मांडीला मांडी लागतच नाहीं. दुसरें, लुगड्याला माप नाहीं. सव्वाआठ मीटरांच्या आसपासचा तो एक सलग पट. निऱ्या कमी केल्या कीं तोच रुंद कमरेला पुरतो. बाळंतपणापूर्वीं, बाळंतपणांत आणि नंतर, म्हणजे देहाचा आकार तीनदां बदलला तरी वस्त्र तेंच. चोळीहि पुढें गांठीची. अंग वाढलें तर गांठ सैल, उतरलें तर घट्ट. गुळेदगुड्डच्या खणाची ती चोळी वक्षाला आधार देई, आणि तिच्यांत बिरडें नसल्यामुळें तें तुटून चारचौघांत लाज जाण्याचा प्रसंगहि नसे.

वाशी, बेलापूर, उरण या पट्ट्यांतील आगरी व कोळी स्त्रियांनीं तर हा कासोटा गुडघ्यापर्यंत वर नेला. मिठागरांत, भातखाचरांत आणि खाडीच्या चिखलांत ज्यांना दिवसभर उभें राहावयाचें त्यांना दुसरें वस्त्र सोईचें नव्हतेंच. डोक्यावर जड पाटी घेऊन डौलानें चालणाऱ्या त्या भरभक्कम बायकांना आपण जाड आहों म्हणून घरांत बसण्याची सवड कोणी दिली नाहीं, आणि त्यांनीं ती मागितलीहि नाहीं.

शहरांतील सुशिक्षित घरांत याच सुमारास एक गंमतीची गोष्ट घडत होती. १९११ सालीं ‘मानापमाना’ंतील भामिनी, १९१६ सालीं ‘स्वयंवरा’ंतील रुक्मिणी आणि १९१९ सालीं ‘एकच प्याला’ंतील सिंधु या भूमिकांतून बालगंधर्व रंगभूमीवर आले, आणि शालू कसा नेसावा, अलंकार कोणते घालावे, हें पुण्यामुंबईच्या स्त्रिया त्यांच्याकडून शिकूं लागल्या. स्त्रीसौंदर्याचा आदर्श म्हणून समाजानें एका पुरुषास मानलें, हें तर आहेच. पण पुढें त्यांचें वय वाढलें, देह सुटला, तरीहि पुष्कळ प्रेक्षक त्या नायिकेवर लुब्धच राहिले. नेसण, चाल आणि स्वर नेटके असले म्हणजे देहाचा विस्तार डोळ्यांस खुपत नाहीं, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नसेल. हीच सवलत घरच्या स्थूल स्त्रीस मात्र कोणी दिली नाहीं, हेंहि नमूद करणें भाग आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत शिकलेल्या घरांतून गोल नेसण आली. सहावारी पातळ, आंत परकर आणि वर शिंप्यानें बेतलेलें पोलकें. शाळेंत व कचेरींत जाण्यास ती सुटसुटीत होती, यांत शंका नाहीं. पण तिच्यामुळें दोन गोष्टी बदलल्या. पायांमधलें वस्त्र गेलें, आणि मांड्या घासण्याचें दुखणें नव्यानें सुरू झालें. आणि शिंप्याच्या फितीबरोबर देहाला माप आलें. पूर्वीं वस्त्र देहाप्रमाणें वळत असे, आतां देह वस्त्राप्रमाणें वळावा अशी अपेक्षा झाली. पोलकें बसेनासें झालें तर चूक पोलक्याची न ठरतां ती बाईची ठरूं लागली.

मागोमाग तराजूहि आला. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर नाणें टाकून पुठ्ठ्याचें तिकीट देणारीं वजनयंत्रें उभीं राहिलीं. तिकिटावर वजन आणि शेजारीं भविष्य छापलेलें असे. पुढें किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागण्याचें सूत्र आलें. तें मुळांत बेल्जियमच्या केतले यानें एकोणिसाव्या शतकांत लोकसमूहांच्या अभ्यासासाठीं काढलें होतें. १९७२ सालीं अँसेल कीज यानें त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव दिलें. या आंकड्याची मर्यादा पुण्याच्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत मार्मिकपणें दाखविली. ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉक्टर युडकिन या दोघांचाहि आंकडा २२.३ असाच होता. पण शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. म्हणजे जो सडपातळ दिसतो तो निर्धास्त असतो असें नाहीं. भारतीयांच्या देहाचा हा स्वभाव पाहूनच २००९ सालीं येथील तज्ज्ञांनीं स्थूलतेची मर्यादा ३० वरून २५ वर आणली, आणि स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरांच्या आंत असावा असें सुचविलें. मधुमेह व रक्तदाब यांची तपासणी वेळच्या वेळीं करून घेणें ही भरल्या अंगाच्या स्त्रीची गरज आहेच. पण ती टोमण्यांच्या भीतीनें दवाखान्याची पायरीच चढली नाहीं तर तपासणी व्हावी कशी?

सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली आणि खाडीपलीकडच्या ९५ गांवांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. मिठागरांच्या व भातखाचरांच्या जागीं वसाहती आल्या, आणि कासोटा घालून चिखलांत उभें राहण्याचें कामहि बहुतेक संपलें. जुन्या गांवठाणांतील वयस्क बायका अजून लुगडें नेसतात. त्यांच्या सुना-नाती पंजाबी पोशाख करतात. त्याची सलवार पायांमधून जाते, आणि कासोट्याचें निम्में काम तरी ती करते. सहावारी नेसणाऱ्या जाणत्या स्त्रिया परकराच्या आंत गुडघ्यापर्यंतची सुती विजार घालूं लागल्या आहेत. आजीच्या लुगड्यांतील युक्तीच त्यांनीं दुसऱ्या वाटेनें परत आणली आहे. लग्नसराईंत आणि गुढीपाडव्याच्या मिरवणुकींत नऊवारीहि दिसते. मात्र ती पुष्कळदां शिवलेली असते. निऱ्या व कासोटा आधींच टांके घालून पक्के केलेले, कमरेस नाडी. दुकानांत ती लहान, मध्यम आणि मोठ्या मापांत टांगलेली असते, आणि स्थूल गिऱ्हाइकास याहून मोठें माप आहे का, असें हळूच विचारावें लागतें.