म्हैसूरच्या ध्वनिमुद्रिका ते सॅम्पल केलेला वाद्यवृंद : इक्वलायझेशनची वाटचाल

म्हैसूर संस्थानचे अखेरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार (1919–1974) कर्नाटक संगीतात कृती रचत, पण त्यांचा जीव पाश्चात्त्य पियानोवरही होता. एचएमव्हीचे निर्माते वॉल्टर लेग म्हैसूरला येऊन गेले. राजवाड्यातला ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आणि तऱ्हेतऱ्हेचे लाउडस्पीकर पाहून ते थक्क झाले, असे त्यांच्या आठवणींत आहे. महाराजांच्या पैशातून मेट्नर सोसायटीच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. निकोलाय मेट्नर हा लंडनमध्ये राहणारा, काहीसा विस्मृतीत गेलेला रशियन रचनाकार. त्याने फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर स्वतःचे पियानो कन्चेर्तो वाजवले आणि तिसरा महाराजांना अर्पण केला. 1951 मध्ये तो वारला. त्याचे वादन आज ऐकू येते ते मुख्यतः या तबकड्यांमुळे.

पण तबकडीवर जे कोरलेले असते ते वाद्यवृंदाच्या नादाची हुबेहूब प्रत नसते. खर्जाचे स्वर खोबणीला फार रुंद डोलवतात. ते तसेच कोरले तर शेजारच्या खोबण्या एकमेकींत घुसतील. म्हणून 1925 नंतरच्या विद्युत ध्वनिमुद्रणात ठराविक वारंवारतेखालचा भाग मुद्दाम दाबून कोरत आणि वाजवताना तितकाच उचलत. ही भरपाई म्हणजे इक्वलायझेशन. एचएमव्हीच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांत ही सीमा सुमारे 250 हर्ट्झ होती. 1954 नंतर रूढ झालेल्या आरआयएए वक्रात ती 500 हर्ट्झ झाली. शिवाय तीव्र स्वर चढवून कोरायचे आणि वाजवताना 10,000 हर्ट्झला जवळपास 14 डेसिबलने उतरवायचे, असेही ठरले.

आता मेट्नरची जुनी तबकडी आरआयएए वक्राने वाजवून पाहा. मुळात न चढवलेले तीव्र स्वर विनाकारण उतरतात आणि खर्ज गरजेपेक्षा फुगतो. ऐकणारा म्हणतो, वादकाचा हात जड आहे. दोष यंत्राच्या बटणाचा, ठपका कलावंतावर! जुन्या वादकांविषयीची आपली काही मते अशीच बनली असावीत, असे मला वाटते.

पुढे वाद्यवृंदच यंत्रात शिरला. 1963 च्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली मुद्रित फीत असे. 1979 च्या ऑस्ट्रेलियन फेअरलाइट यंत्राने नाद अंकरूपात साठवला. इथे भरपाई करायची ती वेगळ्याच गोष्टीची. व्हायोलिनच्या लाकडी पेटीचे अनुनाद ठरलेल्या वारंवारतांवर असतात. सूर बदलला तरी ते जागचे हलत नाहीत. एकच सॅम्पल वर-खाली सरकवून चार-पाच पट्ट्यांवर पसरले की पेटीही सुराबरोबर लहान-मोठी होते, आणि कानाला ते लगेच खोटे वाटते. अशा वेळी सगळ्या व्हायोलिनांच्या एकत्रित मार्गावर, 280 आणि 500 हर्ट्झच्या आसपास, न हलणारे दोन हलके उंचवटे द्यावेत. पेटी थोडीफार परत मिळते.

दुसरी अडचण अंतराची. सॅम्पल बहुधा मायक्रोफोन जवळ ठेवून घेतात. सभागृहात मात्र हवा तीव्र स्वर शोषते, भिंतीही शोषतात. त्यामुळे मागच्या रांगेतल्या वाद्यांना वरच्या टोकाला सौम्य उतार हवा, पुढच्यांना कमी. एकाच तऱ्हेची सॅम्पल थरावर थर रचली की 2,000 ते 4,000 हर्ट्झमध्ये कर्कशपणा साचतो. तिथे अरुंद काप घ्यावा, दोन-तीन डेसिबलचा. त्याहून जास्त लागत असेल तर सॅम्पल बदललेले बरे. गजाची दिशा, दोन वादकांच्या सुरांतला केसाएवढा फरक हे इक्वलायझरच्या हातात नाही.

तुलनेसाठी खरा वाद्यवृंद जरूर ऐकावा, पण कोणते मुद्रण निवडतो ते पाहावे. 78 फेऱ्यांच्या तबकडीत अतितीव्र स्वर मुळातच क्षीण असतात. तिचा वक्र आपल्या सॅम्पलांवर उतरवला, तर सभागृह नव्हे, ग्रामोफोन ऐकू येईल.