निद्रा व मेंदूतील विद्युत् लय

मेंदूतील तंत्रिका कोशिकांचे (मज्जापेशींचे) समूह एकाच वेळी उत्तेजित व शांत होत राहिल्यामुळे विद्युत् दाबात जी नियमित आंदोलने उत्पन्न होतात, त्यांना मेंदूतील विद्युत् लय म्हणतात. जागृतावस्थेत व निद्रेत या लयी भिन्न असतात. मेंदूच्या भागांमधील संदेशवहनही त्यांच्याबरोबर बदलते. झोप म्हणजे संपूर्ण मेंदूची विश्रांती, ही जुनी समजूत या लयींच्या अभ्यासामुळे मागे पडली.

प्राण्यांच्या मेंदूतील विद्युत् प्रवाहांची नोंद रिचर्ड केटन यांनी लिव्हरपूल येथे १८७५ मध्ये प्रसिद्ध केली. मानवी मेंदूचा विद्युत् आलेख प्रथम हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ञांनी येना येथे १९२४ मध्ये मिळविला व १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या व्यक्तीत सेकंदाला सुमारे १० आवर्तनांची ‘आल्फा’ लय दिसते आणि डोळे उघडताच ती क्षीण होते, असे त्यांना आढळले. प्रारंभी या शोधाकडे साशंकतेने पाहिले गेले. तथापि केंब्रिज येथे एड्रियन व मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये त्यास पुष्टी दिली. पुढे अमेरिकेत लूमिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये आलेखांवरून निद्रेच्या पायऱ्या ठरविल्या. गाढ झोपेत लाटा मंद व मोठ्या होतात. १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी बुबुळांच्या जलद हालचालींच्या निद्रेचे वर्णन केले. या अवस्थेतील आलेख जागृतावस्थेशी मिळताजुळता असतो.

मंद लाटांच्या निद्रेत दूरच्या भागांमधील संपर्क कसा बदलतो, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्रयोगांनी २००५ मध्ये दाखविले. कवटीवरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूचा एक भाग उत्तेजित केला असता जागेपणी ती उत्तेजना इतर भागांत पसरली. गाढ झोपेत मात्र ती जागच्या जागीच विरली. याचा अर्थ सर्व संवाद थांबतो असा नाही. दिवसा उंदरांच्या हिप्पोकँपस या स्मृतिसंबद्ध भागातील ज्या कोशिका एकत्र उत्तेजित झाल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र उत्तेजित होतात, असे विल्सन व मॅकनॉटन यांना १९९४ मध्ये आढळले. त्या भागातील जलद तरंगिका निद्रेत खंडित केल्यास उंदरांचे शिकणे मंदावते, हे २००९ मध्ये फ्रान्समधील प्रयोगांत सिद्ध झाले. अर्थात, स्मृती दृढ होण्यास या लयींचा हातभार लागतो.

मेंदूचे सर्व भाग एकदमच झोपतात असेही नाही. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध, तसेच गाढवी नदीवरील इटियाडोह यांसारख्या जलाशयांवर हिवाळ्यात बदके उतरतात. विसावलेल्या थव्यातील एखादे बदक एक डोळा मिटून व दुसरा उघडा ठेवून बसलेले दिसते. अशा बसण्याचे मर्म रॅटनबोर्ग, लिमा व ॲम्लेनर यांनी अमेरिकेत १९९९ मध्ये उलगडले. एका ओळीत ठेवलेल्या बदकांपैकी कडेची बदके मधल्या बदकांपेक्षा अधिक वेळ अशी झोप घेत आणि उघडा डोळा बहुधा थव्याच्या बाहेरच्या बाजूस ठेवीत. मिटलेल्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूचा गोलार्ध मंद लाटा दाखवी, तर दुसरा जागृतावस्थेच्या जवळ राही. विश्रांती व शत्रूपासून संरक्षण या दोन्ही गरजा अशा प्रकारे एकाच मेंदूत भागविल्या जातात. डॉल्फिन माशासारख्या दिसणाऱ्या परंतु सस्तन असलेल्या प्राण्यांतही एका गोलार्धाची निद्रा आढळते. मात्र केवळ मिटलेल्या डोळ्यावरून निद्रेचा निर्णय करता येत नाही. त्यासाठी आलेख आवश्यक असतो.

अपस्मार व निद्राविकार यांच्या निदानात विद्युत् आलेखाचा उपयोग होतो. लयी ह्या संदेशवहनाचे कारण आहेत की काही अंशी त्याचा केवळ परिणाम, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मात्र मेंदूच्या दृष्टीने निद्रा हा कार्याचा खंड नसून कार्याचा निराळा प्रकार आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे.