बीटल्सचे मुंबईत घडलेले गाणे 🧵

अजय बोस व पीटर कॉम्प्टन यांच्या 'द बीटल्स अँड इंडिया' (2021) या माहितीपटाचा विषय निघाला, की पहिले नाव येते ऋषिकेशचे. परंतु त्या प्रवासाच्या आधीच, जानेवारी 1968 मध्ये, बीटल्सच्या एका गाण्याचे वादन मुंबईत फोर्टमधील एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले होते.

जॉर्ज हॅरिसन आला होता 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी. स्टुडिओतील ध्वनिरोधन इतके कच्चे, की सायंकाळी कचेऱ्या सुटल्या म्हणजे जिन्यावरील पावलांच्या आवाजामुळे काम थांबवावे लागे. (कचेरीची वेळ पाळणारा बीटल बहुधा हा एकच!)

त्याच मुक्कामात त्याने आणखी एक चाल वाजवून घेतली. सरोदवर आशिष खाँ, पखवाजावर महापुरुष मिश्र, बासरीवर 29 वर्षांचे हरिप्रसाद चौरसिया. लंडनला परतल्यावर त्यावर केवळ गायन चढले आणि मार्च 1968 मध्ये 'द इनर लाइट' हे गाणे 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या मागील बाजूस प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ती पहिलीच वेळ.

या गाण्यात ना गिटार, ना ड्रम. तबकडीवर मात्र त्या वादकांपैकी एकाचेही नाव नव्हते.