डेलॉसचा हिशेब



ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी घरं, निळे घुमट आणि सूर्यास्त येतात. मिकोनॉस बेटावर हे सगळं आहेच. पण तिथून बोटीनं साधारण अर्ध्या तासावर डेलॉस नावाचं चिमुकलं बेट आहे. पाच किलोमीटर लांब, रुंदी दीड किलोमीटरही नाही. तिथे हॉटेल नाही आणि पर्यटकांना रात्री राहायची परवानगीही नाही. सकाळी जायचं, शेवटची बोट चुकवायची नाही. १९९० पासून हे बेट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आम्ही दहाजणांच्या लहान गटात गेलो होतो. गाईड बाई सरकारी परवानाधारक होत्या. मोठे गट झेंड्यामागून संगमरवरी सिंहांपाशी जातात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. लहान गटाचा फायदा असा की एखाद्या दगडापाशी थांबता येतं, प्रश्न विचारता येतो, आणि मागे राहिलेल्या माझ्यासारख्या गुडघेदुखीवालीलाही उत्तर ऐकू येतं.

ग्रीकांच्या समजुतीप्रमाणे अपोलो देवाचा जन्म इथला, म्हणून हे बेट पवित्र. इ.स.पूर्व ४२६ च्या सुमारास अथेन्सच्या लोकांनी बेटावरच्या सगळ्या कबरी उकरून अवशेष शेजारच्या रेनिया बेटावर हलवले. वर नियम केला की यापुढे डेलॉसवर कोणी जन्मायचं नाही आणि कोणी मरायचं नाही. बाळंतपण जवळ आलं की बाईला होडीत बसवून पलीकडे न्यायचं! कळा सुरू झालेली बाई, वारा सुटलेला आणि समोर समुद्र. पावित्र्याची किंमत बहुतेक वेळा कोण भरतं, ते आपल्याला सांगायला नको.

मी कॉमर्सची, त्यामुळे मला सगळ्यात आवडले ते देवळाचे हिशेब. इ.स.पूर्व ३१४ ते १६६ या काळात डेलॉस स्वतंत्र होतं. देवळाचे कारभारी वर्ष संपलं की जमाखर्च चक्क दगडावर कोरून ठेवत. देवाची घरं भाड्यानं दिलेली, शेतं खंडानं दिलेली, देवाचा पैसा दहा टक्के व्याजानं कर्जाऊ दिलेला. तेल, लाकूड, कारागिरांची मजुरी, सगळं लिहिलेलं. आपल्या देवद्रव्याच्या वह्या सांभाळणाऱ्या ट्रस्टींना हे दगड दाखवायला हवेत. त्याच यादीत बळीसाठी घेतलेल्या डुकराच्या पिल्लांचीही किंमत आहे, हे वाचून मात्र मन खट्टू झालं.

तेव्हा गाईड बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. अपोलोची मोठी वेदी शिंगांची होती, तिथे बळी दिले जात. पण तिच्या मागे दुसरी एक वेदी होती. तिच्यावर फक्त पीठ, जव आणि पोळ्या ठेवायच्या, अग्नीसुद्धा नाही. पायथागोरस, ज्याचं प्रमेय आपण शाळेत घोकलं, तो म्हणे फक्त याच वेदीला नमस्कार करी. जुन्या ग्रीक ग्रंथकारांनी ही आठवण नोंदवली आहे.

आता व्यापाराकडे येते. इ.स.पूर्व १६६ च्या सुमारास रोमनं डेलॉस अथेन्सच्या हवाली केलं आणि तिथलं बंदर करमुक्त केलं. रोमला ऱ्होड्स बेटाची खोड मोडायची होती. परिणाम लगेच दिसला. ऱ्होड्सच्या बंदराचं उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आलं, असं इतिहासकार पॉलिबियस सांगतो. इटली, सिरिया, इजिप्त, सगळीकडचे व्यापारी डेलॉसला आले. ज्यूंचं सिनेगॉग झालं, सिरियन देवांची देवळं झाली. व्यापाऱ्यांची घरं आजही पाहता येतात. मध्ये चौक, चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं. अहमदाबादच्या पोळांतल्या जुन्या घरांची आठवण व्हावी अशी रचना. जमिनीवर खड्यांची सुरेख चित्रं आहेत. एका घरात वाघावर बसलेला देव, दुसऱ्यात डॉल्फिन मासे.

मी विचारलं, एवढा पैसा कशातून आला?

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. माल पुष्कळ होता, पण सगळ्यात मोठा माल होता माणसांचा. भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की या बंदरात एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून विकता येत. पूर्वेकडचे समुद्री चाचे माणसं पळवून आणत आणि रोमच्या श्रीमंतांसाठी ती इथे विकली जात. ज्या बेटावर मरायला बंदी, तिथे जिवंत माणसांना बोली लागत होती. गुलामांचा बाजार म्हणून खात्रीनं दाखवता येईल अशी एकही इमारत सापडलेली नाही. धन्यांची नावं आणि पुतळे राहिले, विकल्या गेलेल्यांचं जवळजवळ काहीच राहिलं नाही.

मला आपली पंधरा कर्मादानं आठवली. अतिचारात आपण ती भराभर म्हणून जातो. त्यात केशवाणिज्य आहे, म्हणजे केस असलेल्या जिवांचा व्यापार, दासदासी आणि जनावरं यांची खरेदी-विक्री. श्रावकानं हा धंदा करू नये. नियम सांगावा लागला, म्हणजे आपल्या देशातही असा व्यापार होता, हे उघडच आहे. पण नफा किती यापेक्षा नफा कशाचा, हा प्रश्न त्यात आधी विचारलेला आहे.

पुढे इ.स.पूर्व ८८ मध्ये रोमच्या शत्रूनं, राजा मिथ्रिडेटसनं, डेलॉसवर हल्ला करवला आणि हजारो लोक मारले गेले. इ.स.पूर्व ६९ मध्ये चाच्यांनी बेट लुटलं आणि तिथल्या लोकांनाच गुलाम केलं. चाच्यांनी आणलेल्या माणसांवर गबर झालेलं बेट शेवटी चाच्यांच्याच हाती लागलं. व्यापाराच्या वाटाही बदलल्या आणि वस्ती हळूहळू उठली.

बायांनो, पुढच्या वेळी कुठलाही महाल, वाडा किंवा हवेली पाहायला गेलात, तर जमल्यास लहान गट घ्या. आणि नक्षी, झुंबरं पाहून झाली की गाईडला एवढंच विचारा, ‘हा पैसा कशातून आला?’ नातवंडं बरोबर असतील तर त्यांच्यादेखत विचारा. दुकान-पेढीच्या घरांत वाढणाऱ्या मुलांच्या कानावर हा प्रश्न लवकर पडलेला बरा.